आरुषी-हेमराज प्रकरण: तीन उशा आणि त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या

गच्चीच्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली सापडत नव्हती. १६ मे २००८ च्या सकाळी नोएडाच्या सेक्टर २५ मधल्या जलवायू विहारात, जिथे तेरा वर्षांच्या आरुषी तलवारचा रात्रीत खून झाला होता, पोलीस होते, पत्रकार होते, शेजारीपाजारी, नातेवाईक, ओळखीचे-अनोळखी सगळे त्या जिन्यावरून वरखाली करत होते, गच्चीच्या दाराजवळ रक्त दिसतंय हेही लोकांच्या लक्षात आलं होतं, पण कुलूप काही त्या दिवशी तुटलं नाही. ते तुटलं १७ तारखेला सकाळी, तेही एक रिटायर्ड पोलीस अधिकारी सांत्वनाला म्हणून आले आणि त्यांनी विषय लावून धरला तेव्हा. आत गच्चीवर कूलरचं पॅनेल टाकून झाकलेलं घरातल्या नोकराचं, हेमराजचं, प्रेत होतं. म्हणजे ज्या माणसाला पोलीस आदल्या दिवसापासून खुनी म्हणून शोधत होते, ज्याच्या मागावर नेपाळपर्यंत माणसं पाठवायच्या गोष्टी चालल्या होत्या, तो त्याच बिल्डिंगच्या वर मे महिन्याच्या उन्हात दीड दिवस पडून होता.

मी मुद्दाम इथून सुरुवात करतोय. आपल्याकडे या केसबद्दल बोलताना सगळे थेट "आईबापांनी मारलं की नाही" इथेच उडी मारतात. मीही २०१३ साली आईबापांना दोषी धरणारा निकाल लागला तेव्हा तसंच बोलायचो, घरात चार माणसं होती, दोन मेली, दोन जिवंत, मग अजून काय पाहिजे. नंतर दोन्ही कोर्टांत काय काय झालं ते नीट वाचत गेलो तेव्हा कळलं की ही केस त्या दीड दिवसात हातातून गेली होती आणि पुढची नऊ वर्षं सगळे तेच गेलेलं लॅबमधून परत मिळवायचा प्रयत्न करत होते.

आधी हकीकत. आरुषी तलवार, वय १३, आठवड्यावर चौदावा वाढदिवस आलेला, २४ मे. आईवडील दोघंही डेंटिस्ट, राजेश आणि नूपुर. (नूपुर माहेरची चिटणीस, वडील एअर फोर्समध्ये ग्रुप कॅप्टन, त्यामुळे मराठी घरांमध्ये ही केस तेव्हा जरा जास्तच जवळून पाहिली गेली.) घरात राहणारा नोकर हेमराज, वय ४५, नेपाळचा, बायको-मुलं गावी. १५ मेच्या रात्री साडेनऊच्या सुमारास ड्रायव्हरनं चौघांना घरात पाहिलं. त्यानंतर आईवडिलांनी आरुषीला वाढदिवसाचा कॅमेरा आधीच देऊन टाकला, तिनं फोटो काढले, त्या कॅमेऱ्यातला शेवटचा फोटो रात्री दहा वाजून दहा मिनिटांचा आहे. पोस्टमॉर्टेमप्रमाणे मृत्यू साधारण मध्यरात्री बारा ते एकच्या दरम्यान. दोघांनाही आधी डोक्यावर जड वस्तूचा घाव आणि मग गळा कापलेला. सकाळी सहाला कामवाली आली, बेल वाजवली, दार उघडेना, नूपुरनं बाल्कनीतून किल्ली खाली टाकली.

घराची रचना इथे फार महत्त्वाची आहे. हेमराजच्या खोलीला दोन दारं होती, एक घरात उघडणारं आणि एक बाहेरच्या पॅसेजमध्ये उघडणारं. म्हणजे हेमराजकडे कोणी आलं तर तलवारांच्या मुख्य दारातून यायची गरज नव्हती. त्याच्या खोलीत दारूच्या बाटल्या आणि तीन ग्लास सापडले होते. आणि डायनिंग टेबलवर स्कॉचची बाटली होती, तिच्यावर आरुषी आणि हेमराज दोघांचंही रक्त. एवढं सगळं पहिल्याच दिवशी समोर असताना घर काही सील झालं नाही, लोक आत येत-जात राहिले, बोटांचे ठसे घेतले ते इतके खराब की बहुतेक निरुपयोगी ठरले, आरुषीची गादी शेजारच्या गच्चीवर नेऊन ठेवली, खोली धुतली गेली. गच्चीच्या भिंतीवर रक्ताळलेल्या पंजाचा ठसा होता, तो कोणाचा हे आजपर्यंत ठरलेलं नाही.

२३ मेला नोएडा पोलिसांनी राजेशला अटक केली आणि मग ती प्रसिद्ध पत्रकार परिषद झाली, ज्यात एक आयजी दर्जाचा अधिकारी मेलेल्या मुलीचं नावसुद्धा चुकीचं घेत होता, आरुषीला श्रुती म्हणत होता, आणि त्याच तोंडानं तिच्या चारित्र्याबद्दल देशासमोर बोलत होता. पुरावा शून्य. तेरा वर्षांची मुलगी, तिला उत्तर द्यायला तोंड उरलेलं नाही. मला या पूर्ण प्रकरणात सगळ्यात जास्त राग याचाच येतो, कारण नंतर सगळा तपास, सगळा खटला त्या एका दिवसाच्या गोष्टीभोवतीच फिरत राहिला.

जूनच्या सुरुवातीला केस सीबीआयकडे गेली. पहिल्या टीमनं तलवारांकडून मोर्चा वळवून तीन नोकरांकडे नेला, त्यातला एक राजेशच्या क्लिनिकमधला कंपाउंडर, बाकीचे दोन ओळखीच्या आणि शेजारच्या घरांतले. त्यांची नार्को, म्हणजे औषध देऊन गुंगीत केलेली चौकशी, झाली, तिचे तुकडे चॅनेलवर आले आणि लोकांनी तीच कबुली धरून चालायला सुरुवात केली. जुलैमध्ये राजेश सुटला. नव्वद दिवसांत तिघांविरुद्ध आरोपपत्र दाखल झालं नाही, तेही सुटले. पुढे तलवारांचीही नार्को आणि लाय डिटेक्टर झाली, त्यात काही सापडलं नाही. मे २०१० मध्ये सेल्वी केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की माणसाच्या संमतीशिवाय नार्को करताच येणार नाही. तेव्हा नार्कोच्या बळावर नोकरांना खुनी म्हणणारे आणि नार्कोच्या बळावर तलवारांना निर्दोष म्हणणारे, दोघंही माझ्या मते चुकीच्या जागी बोट ठेवतायत.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, उशा. तीन उशा आहेत आणि त्या नीट वेगळ्या ठेवल्या नाहीत तर काहीच कळणार नाही, खुद्द तपास यंत्रणेचाही तिथेच घोळ झाला.

पहिली, आरुषीच्या खोलीतली उशी. दुसरी, हेमराजच्या स्वतःच्या खोलीतली उशी. तिसरा, कंपाउंडरच्या खोलीतून जप्त केलेला जांभळ्या रंगाचा अभ्रा.

मुद्देमाल जप्त करताना पंचनामा होतो, वस्तू कापडात बांधतात, लाखेचं सील मारतात, वर सह्यांची चिठ्ठी लावतात की अमुक वस्तू अमुक ठिकाणाहून अमुक तारखेला घेतली. मग ती लॅबला जाते. लॅब काय सांगू शकते? की या कापडावरचं रक्त हेमराजचं आहे. हे डीएनए छातीठोक सांगतो. पण ते कापड कुठल्या खोलीतून आलं हे डीएनए सांगू शकत नाही, ते फक्त ती चिठ्ठी सांगते. आणि या केसमध्ये रक्त कोणाचं यावर फारसं भांडण नव्हतंच हो, सगळं भांडण कुठून आलं यावर होतं. म्हणजे लाखो रुपयांची मशीन एका बाजूला आणि कॉन्स्टेबलनं पेनानं लिहिलेली चिठ्ठी दुसऱ्या बाजूला, आणि केस उभी त्या चिठ्ठीवर.

हैदराबादच्या सीडीएफडीचा, म्हणजे डीएनए तपासणीची देशातली जी मोठी सरकारी लॅब आहे तिचा, नोव्हेंबर २००८ चा रिपोर्ट होता. त्यात लिहिलं होतं की कंपाउंडरच्या खोलीतून आलेल्या जांभळ्या अभ्र्यावर हेमराजचा डीएनए मिळाला. ज्या माणसाच्या घरी हेमराज मेला नाही, त्याच्या अभ्र्यावर हेमराजचं रक्त, ही त्या फाइलमधली सगळ्यात मोठी ओळ असायला हवी होती. पण ती तशीच पडून राहिली. तलवारांच्या हातात कागदपत्रं पडली तेव्हा कुठे २०११ मध्ये त्यांनी ती कोर्टासमोर मांडली. त्यावर सीबीआय म्हणाली, ही टायपिंगची चूक आहे, दोन वस्तूंचं वर्णन एकमेकांच्या जागी पडलंय, तो अभ्रा हेमराजच्याच खोलीतला. आणि मार्च २०११ मध्ये सीडीएफडीकडूनही तसा खुलासा आला की हो, वर्णनांची अदलाबदल झाली.

होऊ शकतं का असं? होऊ शकतं. लॅबमध्ये माणसंच काम करतात, दोन नंबर शेजारी-शेजारी असतात, टाइप करताना वरचं खाली जातं. मी ते अशक्य म्हणत नाही. पण अडीच वर्षं कोणाला चूक दिसत नाही, आरोपी बोट ठेवतो तेव्हा दिसते, आणि दुरुस्ती पत्रानं होते. माझं म्हणणं एवढंच की मूळ वस्तू, तिची चिठ्ठी, तिचं सील आणि लॅबची नोंदवही समोर ठेवून, दोन्ही बाजूंच्या वकिलांसमोर, गरज पडली तर पुन्हा टेस्ट करून ते ठरायला पाहिजे होतं. खुनाच्या केसमध्ये ज्या एका ओळीवर कोण गजाआड जाणार हे ठरतं तिची दुरुस्ती बँकेच्या पासबुकातल्या स्पेलिंगसारखी करता येत नाही.

दुसऱ्या उशीची गोष्ट तर अजून गंभीर आहे. सीबीआयच्या दुसऱ्या टीमची, जी पुन्हा तलवारांकडे वळली तिची, थिअरी होती की हेमराजवरचा हल्ला आरुषीच्या खोलीतच झाला आणि मग त्याला चादरीत गुंडाळून गच्चीवर ओढत नेलं. या थिअरीला एकच गोष्ट हवी, आरुषीच्या खोलीत हेमराजचं रक्त. ते कुठेही मिळालं नाही. गादीवर नाही, भिंतीवर नाही, फरशीवर नाही. तरीही सुप्रीम कोर्टापर्यंत सांगितलं गेलं की आरुषीच्या खोलीतून जप्त केलेल्या उशीवर हेमराजचा डीएनए आहे. मग खटला सुरू झाला, मुद्देमालाचं गाठोडं कोर्टात उघडलं, चिठ्ठी वाचली, आणि चिठ्ठीवर ती उशी नोकराच्या खोलीतली असल्याचं लिहिलेलं होतं. हेमराजच्या खोलीतल्या उशीवर हेमराजचा डीएनए, यात सिद्ध काय होतं? काहीच नाही. पण तोपर्यंत वरच्या कोर्टांत त्या उशीचा वापर होऊन गेला होता, आणि गांधीनगरच्या ज्या फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळाचं विश्लेषण करून दोघांवरही आरुषीच्याच खोलीत हल्ला झाला असा निष्कर्ष दिला तोही त्याला दिलेल्या याच चुकीच्या माहितीवर उभा होता. तज्ज्ञाला पाया चुकीचा दिला की त्यावरची भिंत कितीही सरळ बांधली तरी काय उपयोग.

मला हे वाचताना खरंच थांबावं लागलं होतं. कारण बघा, एकीकडे चिठ्ठीवर नोकराची खोली लिहिलंय तरी उशी आरुषीच्या खोलीतली म्हणायची, आणि दुसरीकडे रिपोर्टवर कंपाउंडरची खोली लिहिलंय तर ती टायपिंगची चूक म्हणायची. दोन्ही वेळा कागद एक सांगतोय आणि यंत्रणा दुसरं, आणि दोन्ही वेळा फायदा एकाच थिअरीला.

हत्याराचंही तसंच. आधी खुकरी होती, नोकरांवर संशय होता तेव्हा. नंतर गोल्फ क्लब, म्हणजे गोल्फ खेळायची काठी, आली आणि गळ्यासाठी दातांच्या डॉक्टरचं स्काल्पेल. राजेशच्या गोल्फ सेटमधल्या दोन क्लब बाकीच्यांपेक्षा कमी मळलेल्या आहेत असं तपासणीत आलं, म्हणून त्या धुतल्या असाव्यात. रक्त मिळालं नाही, डीएनए मिळाला नाही. स्काल्पेल तर जप्तच झालं नाही. पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरांनी मूळ रिपोर्टमध्ये जे लिहिलं नव्हतं ते काही महिन्यांनी, वर्षांनी जबाबात यायला लागलं, आणि हे सगळं वाढीव पुन्हा त्याच पत्रकार परिषदेतल्या गोष्टीच्या दिशेनं जाणारं. आरुषीच्या नावानं ठेवलेल्या एका सॅम्पलचा डीएनए तिच्याशी जुळतच नाही, ते दुसऱ्याच कोणाचं आहे, हेही बाहेर आलं. ते कुठे बदललं, कोणी बदललं, यावर कोणाला शिक्षा झाली? नाही.

डिसेंबर २०१० मध्ये सीबीआयनं स्वतःच क्लोजर रिपोर्ट, म्हणजे तपास बंद करतोय असा अहवाल, दिला, संशय राजेशवर पण पुरावा पुरेसा नाही. इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात, या क्लोजरला विरोध खुद्द तलवारांनी केला, पुढे तपास करा म्हणून अर्ज दिला. ९ फेब्रुवारी २०११ ला गाझियाबादच्या मॅजिस्ट्रेटनं क्लोजर फेटाळला आणि त्याच कागदांवरून दोघांनाच आरोपी म्हणून समन्स काढलं. खटल्यात सरकारतर्फे ३९ साक्षीदार, बचावाचे ७. कामवालीनं तर साक्षीत सांगून टाकलं की मला जे समजावलं तेच मी इथे बोलतेय. तिची साक्ष साधी नव्हती, सकाळी मधलं जाळीचं दार बाहेरून कडी लावलेलं होतं की नव्हतं हा प्रश्न तिच्यावर होता, कारण कडी बाहेरून असेल तर कोणीतरी बाहेर पडून गेलंय ही शक्यता उभी राहते.

२५ नोव्हेंबर २०१३ ला विशेष न्यायाधीश श्याम लाल यांनी दोघांना दोषी धरलं, दुसऱ्या दिवशी जन्मठेप. मुख्य आधार म्हणजे घरात चौघंच होते, तेव्हा काय झालं हे जिवंत असलेल्या दोघांनीच सांगितलं पाहिजे. पुरावा कायद्याचं कलम १०६, जी गोष्ट खास एखाद्याच्याच माहितीत असते ती सिद्ध करायची जबाबदारी त्याची. ऐकायला पटतं. पण त्याच्याआधी हे सरकारनं सिद्ध करावं लागतं की घरात पाचवा कोणी येऊच शकत नव्हता, आणि दोन दारांच्या त्या खोलीमुळे तेच तर सिद्ध झालेलं नव्हतं. साडेनऊ ते बारा हे अडीच तास, आणि दार उघडणारा हेमराज आत. पहिल्या टीमनं आवाजाची चाचणी करून घेतली होती की एसी चालू असताना शेजारच्या खोलीतलं ऐकू येतं का, तीही तलवारांच्याच बाजूनं जाणारी होती.

इथे पुण्यातल्या एका जुन्या केसचा संबंध येतो. परिस्थितीजन्य पुराव्यावर कोणाला दोषी धरायचं असेल तर पाच अटी लागतात, त्यांना वकील लोक पंचशील म्हणतात, आणि ते आलेत १९८४ च्या शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालातून. पुण्यातल्या एका नव्या सुनेच्या मृत्यूची केस, नवऱ्याला खालच्या कोर्टानं फाशी दिली, हायकोर्टानं कायम केली, आणि सुप्रीम कोर्टानं त्याला सोडलं. तिथे कोर्टानं सांगितलं की प्रत्येक दुवा पक्का सिद्ध हवा, सगळे दुवे फक्त अपराधाकडेच बोट दाखवणारे हवेत, निर्णायक हवेत, दुसरी कुठलीही शक्यता उरता कामा नये, आणि साखळी कुठे तुटलेली नको. "असू शकतं" आणि "असलंच पाहिजे" यातलं अंतर फार मोठं आहे.

१२ ऑक्टोबर २०१७ ला अलाहाबाद हायकोर्टाच्या न्या. बी. के. नारायण आणि न्या. ए. के. मिश्रा यांच्या खंडपीठानं हीच पट्टी लावली आणि दोघांना सोडलं. बाहेरच्या माणसांनी खून केल्याची शक्यता पुराव्यांवरून नाकारता येत नाही, साखळी पूर्ण होत नाही. न्या. मिश्रांनी वेगळं लिहिताना खालच्या कोर्टाबद्दल फार कडक शब्द वापरले, गणिताच्या मास्तरासारखं आधी उत्तर धरून सोडवायला बसले, सिनेमाच्या दिग्दर्शकासारखी विखुरलेली तथ्यं जुळवली अशा अर्थाचे. १६ ऑक्टोबरला डासना जेलमधून दोघं बाहेर आले.

आता काही लोक म्हणतात मग कंपाउंडरनंच केलं असणार, अभ्र्यावर रक्त होतं ना. नाही. हे मला फार ठामपणे सांगायचंय. ज्या चिठ्ठीवर विश्वास ठेवता येत नाही म्हणून तलवारांना धरता येत नाही, त्याच चिठ्ठीवरून त्याला धरता येणार नाही. त्याच्यावर कधी आरोपपत्र दाखल झालं नाही, कायद्यानं तो निर्दोष आहे, आणि नार्कोच्या क्लिपा दाखवून त्या तिघांची जी बदनामी झाली ती तलवारांच्या बदनामीपेक्षा कमी नव्हती, फक्त त्यांच्याकडे मोठे वकील नव्हते आणि त्यांच्यासाठी मेणबत्त्या लावायला कोणी आलं नाही. खरं काय ते शोधायला जांभळा अभ्रा हा एक रस्ता होता, तो रस्ता २००८ मध्येच नीट चालून बघायचा होता, कुठल्याही एका बाजूला पोचायच्या घाईशिवाय.

सीबीआय सुप्रीम कोर्टात गेली आहे हे बहुतेकांना माहीत असतं. तिच्याही आधी, डिसेंबर २०१७ मध्ये, हेमराजची बायको गेली. तिचं म्हणणं असं की हायकोर्टानं दोघांना सोडलं पण माझ्या नवऱ्याला कोणी मारलं ते सांगितलं नाही. पहिल्या दिवशी तिचा नवरा खुनी होता, दुसऱ्या दिवशी प्रेत झाला, मग पाच वर्षं त्याच्यावर त्या मुलीच्या बाबतीत वाट्टेल ते आरोप झाले, आणि शेवटी केसचं नावसुद्धा लोक फक्त आरुषी केस असंच घेतात. तिला तलवार दोषी हवेत, मला ते पुराव्यात दिसत नाही, पण तिचा प्रश्न बरोबर आहे. गच्चीच्या भिंतीवरचा तो पंजा कोणाचा होता?